केर कोणाचा?

केर काढला, सुपलींत भरला आणि दाराबाहेरच्या डब्यांत ओतला, कीं घराचें त्याच्याशीं असलेलें नातें संपलें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. त्यापुढें तो कोणाचा होतो हा प्रश्न घरांत कोणी विचारीत नाहीं. आणि इतिहासग्रंथांत तर केराला जागाच नसते. राजवाडे, लढाया आणि तह यांना पानेंच्या पानें मिळतात. परंतु त्याच राजवाड्यांच्या मागल्या दारीं जो उकिरडा साठत असे त्याची नोंद शोधावयाची, तर बखरकारांना सोडून कोतवालाच्या दप्तराकडेच वळावें लागतें. या दप्तरांतून हिंडूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. शहराच्या कारभाऱ्यांनीं केराविषयीं जेव्हां जेव्हां कांहीं नवा नियम केला, तेव्हां तेव्हां त्या केरावर कोणाचा तरी हक्क निघाला. आणि ज्याचा निघाला तो मनुष्य बहुधा असा होता, कीं ज्याच्याकडे कारभाऱ्यांनीं तोंपर्यंत डोळे उघडून पाहिलेंहि नव्हतें.

याचें एकच उदाहरण आज जरा विस्तारानें घ्यावयाचें आहे. पॅरिस शहरांत २४ नोव्हेंबर १८८३ रोजीं एक हुकूम निघाला व १५ जानेवारी १८८४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. घरोघरच्या केराचे तीन भाग करून ते तीन निरनिराळ्या पेट्यांत ठेवावे, असें त्या हुकुमांत होतें. ओला केर निराळा व सुका निराळा ठेवण्याची जी सक्ती आपल्याकडील शहरांत या शतकाच्या आरंभापासून ऐकूं येऊं लागली, तीच सक्ती पॅरिसनें एकशें चाळीस वर्षांपूर्वीं करून पाहिली होती. ती कां फसली, आणि कोणाला भोंवली, हें पाहण्यासारखें आहे.

पॅरिसची दुर्गंधि ही तशी फार जुनी गोष्ट. बाराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप ऑगस्टस राजा आपल्या वाड्याच्या खिडकीशीं उभा असतां खालून गाड्या गेल्या, चाकांनीं रस्त्यांतला चिखल ढवळला गेला, आणि त्यांतून जी घाण वर आली ती राजाला सहन होईना. तेव्हां त्यानें शहराच्या मुख्य रस्त्यांना फरसबंदी करविली, अशी हकीकत रिगोर नांवाच्या एका मठवासी वैद्यानें राजाच्या चरित्रांत लिहून ठेविली आहे. त्यानंतरच्या शतकांत शहराचे अधिकारी, रस्त्यांत घाण टाकूं नये असे मनाईहुकूम काढीत राहिले, आणि लोक टाकीत राहिले. एकच मनाईहुकूम पुनःपुन्हां निघूं लागला म्हणजे तो पाळला जात नव्हता असें खुशाल समजावें. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून भरवशाचा साक्षीदार मिळत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांतील रीत अशी होती. रात्रीं घरचा केर आणून दारापुढें रस्त्याच्या कडेला त्याचा ढीग करावयाचा. सकाळीं घोड्यांच्या गाड्या येऊन तो उचलून नेत, आणि शहराभोंवतालचे भाजीमळेवाले तो खत म्हणून घेत. ढीग पडल्यापासून गाडी येईपर्यंत जे कांहीं तास मध्यें जात, त्या तासांवर एका स्वतंत्र व्यवसायाचें राज्य होतें. पाठीवर वेताचा उंच हारा, एका हातांत कंदील आणि दुसऱ्या हातांत लोखंडी आकडी, अशी माणसें अंधारांतून ढिगामागून ढीग हिंडत. आकडीनें ढीग उकलावयाचा, कामाची वस्तु टोंचून उचलावयाची आणि खांद्यावरून मागें हाऱ्यांत टाकावयाची, हें काम तीं अशा सफाईनें करीत कीं चित्रकारांना त्यांचीं चित्रें काढण्याचा मोह आवरला नाहीं. फ्रेंच भाषेंत यांना शिफोनिए, म्हणजे चिंध्यावाले, असें म्हणत.

चिंधी हा त्यांच्या मालांतला राजा. लांकडाच्या लगद्यापासून कागद करण्याची कला रुळेपर्यंत युरोपांतला चांगला कागद चिंध्यांपासूनच होत असे. म्हणजे रात्रीं ज्या गृहस्थाच्या दारांतून फाटका सदरा बाहेर पडला, त्याच्याच घरीं तो कांहीं महिन्यांनीं वर्तमानपत्र होऊन परत येई. परंतु चिंधीखेरीज इतर वस्तूहि वायां जात नसत. हाडांपासून बटणें होत, सरस होई, आगकाड्यांना लागणारा फॉस्फरस निघे. शिवाय हाडें जाळून जो कोळसा करीत त्यांतून गाळल्यावांचून त्या काळीं साखर पांढरी होत नसे. सशाचीं कातडीं टोपीवाल्यांकडे, फुटकी काच भट्टीकडे, पावाचे वाळके तुकडे जनावरांकडे, आणि माशांचे रिकामे डबे खेळणीं करणाऱ्यांकडे जात. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण आणि तराजू घेऊन येणारा रद्दीवाला हीं याच कुळांतलीं. भेद आहे तो एवढाच, कीं बोहारीण उंबऱ्याशीं बसून घासाघीस करते, त्यामुळें माल अगोदर कोणाचा होता व मग कोणाचा झाला याविषयीं शंका राहत नाहीं. पॅरिसच्या ढिगांतल्या मालाला मात्र मालकच नव्हता. घरवाल्यानें तो टाकला होता आणि सरकारनें अजून उचलला नव्हता. या दोहोंमधल्या फटींत हजारों कुटुंबें आपला संसार करीत होतीं.

सरकारला ही मंडळी ठाऊक होती, पण ती पोलिसांचा विषय म्हणून. १८२८ सालीं पॅरिसच्या पोलीस खात्यानें प्रत्येक चिंध्यावाल्यानें नोंदणी करून अंगावर पितळी बिल्ला बाळगावा असा नियम केला. रात्रीं हिंडणारा मनुष्य चोर नव्हे एवढें ओळखूं यावें, हा त्याचा हेतु. बिल्ल्यामुळें त्या मनुष्याला केरावर कांहीं हक्क मिळाला, असें मात्र नाहीं.

आणि हक्क नसलेली वस्तु जाऊं लागली म्हणजे काय होतें याचा अनुभव चारच वर्षांनीं आला. १८३२ च्या मार्चअखेर पॅरिसमध्यें पटकीची सांथ आली. त्या वर्षीं त्या एका शहरांत सुमारें १८,००० माणसें तिनें नेलीं. रोग घाणीच्या वाफेंतून पसरतो असें तेव्हांचें शास्त्र सांगत होतें. म्हणून अधिकाऱ्यांनीं एका नव्या कंत्राटदाराकडून संध्याकाळींहि केर उचलण्याची व्यवस्था केली. हेतु चांगला, शास्त्राला धरून, आणि रोग तर दाराशीं आलेला. पण संध्याकाळींच ढीग गेले म्हणजे रात्रीं चिंध्यावाल्याला काय उरणार? १ एप्रिल रोजीं दंगल उसळली. नव्या गाड्या मोडण्यांत आल्या, जाळण्यांत आल्या. पुढच्या दिवसांत, सरकारनेंच पाण्यांत विष कालविलें आहे अशी अफवा उठून कांहीं निरपराध माणसें जमावाच्या हातीं मेलीं. त्या अफवेचें खापर केराच्या गाड्यांवर फोडणें योग्य होणार नाहीं. परंतु रोगापासून वांचविण्याचें काम ज्यांच्याकडे होतें त्यांच्याविषयींचा विश्वास गाड्यांच्या प्रकरणीं आधींच गेला होता, हें कोणाहि अभ्यासकाला मान्य करावें लागेल.

आतां पन्नास वर्षें पुढें येऊं. १८८१ च्या शिरगणतींत पॅरिसची वस्ती साडेबावीस लाखांवर गेली होती. या शहराला त्या काळीं निवडलेला नगराध्यक्ष नव्हता. १८७१ पासून १९७७ पर्यंत तो नव्हताच. नगरसभा होती, पण अंमल चालविणारा अधिकारी सरकारनें नेमलेला प्रीफेक्ट असे. १८८३ च्या ऑक्टोबरांत ही जागा यूजेन पूबेल या गृहस्थांना मिळाली. कां या गांवीं १८३१ सालीं जन्मलेले हे गृहस्थ मूळचे कायद्याचे प्राध्यापक. नंतर कांहीं जिल्ह्यांचा कारभार पाहिलेले. नव्या जागेवर येऊन दोन महिने होण्याच्या आंत त्यांनीं केराचा हुकूम काढला.

त्यांची ही घाई अकारण नव्हती. पाश्चराच्या शोधांमुळें घाणीकडे पाहण्याची दृष्टि पालटत होती. १८८३ सालीं इजिप्तमध्यें पटकी होती, आणि तिचा अभ्यास करण्यास गेलेल्या फ्रेंच मंडळींपैकीं थुइलिए नांवाचा तरुण शास्त्रज्ञ तिलाच बळी पडला होता. रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ तेथूनच कलकत्त्यास आला; आणि योगायोग असा कीं, पॅरिसच्या दारोदारीं नव्या पेट्या ठेवल्या जात होत्या त्याच जानेवारींत, १८८४ च्या, कलकत्त्याच्या प्रयोगशाळेंत तो पटकीचा जंतु वेगळा करीत होता. पुढें त्याच वर्षीं पटकी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली आणि नोव्हेंबरांत पॅरिसला पोंचली. तेव्हां पूबेल यांना जें भय वाटत होतें तें काल्पनिक म्हणतां येणार नाहीं.

हुकूम असा होता. प्रत्येक घरमालकानें भाडेकऱ्यांच्या सोयीसाठीं झांकणाच्या पेट्या स्वतःच्या खर्चानें पुरवाव्या. पेटी चाळीस ते एकशेंवीस लिटर मापाची असावी. केर रस्त्यावर मुळींच टाकूं नये. सकाळीं गाडी येण्याच्या सुमारास पेट्या दारापुढें आणून ठेवाव्या. आणि केर एकत्र करूं नये. एका पेटींत कुजणारे पदार्थ, दुसरींत कागद व चिंध्या, तिसरींत कांच, फुटकीं चिनी भांडीं व कालवांचे शिंपले. या शेवटच्या कलमावर कोणाहि मत्स्याहारी कोंकणस्थानें थांबून विचार करावा. ज्या शहराच्या केरांत शिंपल्यांसाठीं स्वतंत्र पेटी करावी लागते, त्याच्या जेवणाची कल्पना त्यावरून सहज येते. केर हा शहराचा फार प्रामाणिक रोजनामा असतो.

हुकुमाविरुद्ध ओरड झाली ती सर्व बाजूंनीं, पण प्रत्येकाचें दुखणें वेगळें होतें. घरमालकांना पेट्यांचा खर्च नको होता. पॅरिसच्या चाळवजा इमारतींच्या दाराशीं जे रखवालदार नवराबायको राहत, त्यांना सकाळीं उठून जड पेट्या ओढण्याचें नवें काम नको होतें. भाडेकऱ्यांना तीन ठिकाणीं केर टाकण्याची कटकट नको होती, आणि अरुंद चौकांत तीन पेट्या ठेवावयास जागाहि नव्हती. वर्तमानपत्रांनीं प्रीफेक्टसाहेबांची थट्टा आरंभिली व त्या पेट्यांना चिडून ‘पूबेल’ म्हणूं लागलीं. या सर्वांची गैरसोय होत होती. चिंध्यावाल्यांच्या मात्र पोटावर पाय येत होता.

त्यांचें म्हणणें ऐकण्यासारखें होतें. ढीग रात्रभर रस्त्यावर असे तेव्हां कामाला सात आठ तास मिळत. आतां पेटी बाहेर येणार सकाळीं, आणि लगेच गाडीही येणार. मध्यें उरतात तीं थोडीं मिनिटें. त्यांतून दुसऱ्या पेटींत कागद व चिंध्या, म्हणजे नेमका त्यांचाच माल, स्वच्छ, वेंचून तयार ठेवलेला! तो कोणासाठीं? आजवर आम्ही फुकट जी निवड करीत होतों ती आतां घरवाल्यांकडून करवून माल दुसऱ्या कोणाला द्यावयाचा आहे, असाच अर्थ त्यांना त्यांतून दिसला. हा अर्थ पूबेल यांच्या मनांत होता कीं नाहीं, यावर वाद घालण्यांत हशील नाहीं. केराची वांटणी ठरवितांना त्या केरावर आधींच जगणाऱ्या माणसांचा उल्लेख करावा, हेंच त्या विद्वान् कायदेपंडितास सुचलें नाहीं, आणि माझ्या मतें त्यांची चूक एवढीच, पण ती मोठी आहे. लांकडी लगद्याचा कागद बाजारांत आल्यापासून चिंध्यांचे भाव तसेच पडत चालले होते. धंदा आधींच खचला होता, आणि अशा वेळीं हा घाव बसला.

प्रकरण नगरसभेंत गेलें, पार्लमेंटांतहि त्याची चर्चा झाली. अखेर ७ मार्च १८८४ रोजीं, म्हणजे अंमल सुरू होऊन दोन महिनेहि झाले नव्हते तों, सुधारलेला हुकूम काढावा लागला. चिंध्यावाल्यांनीं पेटी एका कापडावर रिकामी करावी, हवें तें निवडून घ्यावें आणि बाकीचें परत पेटींत भरून ठेवावें, अशी मोकळीक मिळाली. केर रस्त्यावर सांडूं नये हा मुद्दा राखला गेला. तीन पेट्यांचें कलम मात्र हळूहळू विसरलें गेलें. घरोघरीं एकच पेटी राहिली, आणि निवडण्याचें काम पुन्हां ज्यांचें होतें त्यांच्याकडेच गेलें.

इतकें वाचून, चिंध्यावाले जिंकले, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तें खरें नाहीं. या लोकांत दोन थर होते. एक ‘कूरर’, म्हणजे धांवणारे, जे कोणत्याहि ढिगावर बसत आणि ज्यांची कोणाशीं ओळख नसे. दुसरे ‘प्लासिए’, म्हणजे जागेवाले. जागेवाल्याचीं घरें ठरलेलीं असत. तो रखवालदाराला हाताशीं धरून असे, पेटी बाहेर काढण्यास मदत करी, जिना झाडी, आणि त्या बदल्यांत त्याला घराच्या आंत जाऊन केर आधीं पाहण्यास मिळे. अशा जागेला बाजारांत किंमत होती. बापाची जागा मुलाला मिळे, नाहींतर ती विकतां येई. ढीग रस्त्यावर होते तोंवर दोन्ही थरांचा निभाव लागत असे. केर पेटींत शिरला आणि पेटी घराच्या चौकांत शिरली, तेव्हां ज्याला चौकांत प्रवेश होता तो तरला, आणि ज्याला नव्हता तो, म्हणजे सर्वांत दरिद्री मनुष्य, उघड्यावर पडला. नियमाच्या शब्दांत या भेदाचा मागमूसहि नव्हता. परिणाम मात्र अचूक त्या भेदाच्या रेषेवरून झाला.

या माणसांचें पुढें काय झालें तें अत्जे या छायाचित्रकाराच्या चित्रांत पाहावयास मिळतें. शहराच्या तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यांत पत्र्याच्या व फळ्यांच्या झोंपड्या, दारांत चिंध्यांचे भारे, आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी कुटुंबें. विसाव्या शतकाच्या आरंभीं काढलेलीं हीं चित्रें आतां संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. तटाबाहेर सँतुआँ येथें जो जुन्या वस्तूंचा बाजार जगांतले प्रवासी पाहावयास जातात, त्याची मुळें याच वस्त्यांत आहेत. पूबेल १८९६ पर्यंत अधिकारावर राहिले. पॅरिसच्या घरांचें सांडपाणी व मैला भुयारी गटारांत सोडण्याची सक्ती करणारा १८९४ चा कायदा त्यांच्याच कारकीर्दींतला, आणि घरमालकांनीं त्यालाहि तितकाच विरोध केला. १९०७ सालीं ते वारले. त्यांचें नांव तोंपर्यंत शब्दकोशांत सामान्यनाम होऊन बसलें होतें. आज फ्रेंच मूल केराच्या डब्याला ‘पूबेल’ म्हणतें तेव्हां तें एका प्राध्यापकाचें आडनांव उच्चारीत आहे, हें त्याला ठाऊक नसतें.

तीन पेट्यांचा प्रयोग यानंतर इतरत्रहि झाला. न्यूयॉर्कमध्यें कर्नल जॉर्ज वेअरिंग यांनीं १८९५ सालीं रस्तेसफाईचें खातें हातीं घेतलें, झाडूवाल्यांना पांढरे गणवेश दिले, आणि पुढल्या वर्षीं घरांनीं राख, खरकटें व सुका केर वेगवेगळा ठेवावा अशी सक्ती केली. खरकटें एका बेटावर नेऊन शिजवीत व त्यांतून चरबी आणि खत काढीत. सुक्या केरांतून विकाऊ माल निवडून त्याचें उत्पन्न शहरानें घ्यावें, अशी वेअरिंग यांची योजना. त्याआधीं केराच्या पडावांवर माल निवडण्याचा मक्ता ठेकेदार शहराला पैसे देऊन घेत आणि नवखे इटालियन मजूर त्यांच्या हाताखालीं राबत. म्हणजे पॅरिसनें जो प्रश्न न बोलतां सोडला होता, त्याचें उत्तर येथें रोखठोक दिलें गेलें: केर शहराचा. १८९८ सालीं कारभार पालटला, वेअरिंग क्यूबाहून आणलेल्या पीतज्वरानें त्याच वर्षीं वारले, आणि त्यांच्या शिस्तीला उतरती कळा लागली.

मुंबईनें तर हें उत्तर कायद्यांतच लिहून ठेविलें. पूबेल यांच्या हुकुमानंतर पांचच वर्षांनीं, १८८८ सालीं, मुंबई शहराचा म्युनिसिपल कायदा झाला. घरमालकानें व राहणाऱ्यानें केर गोळा करून नेमलेल्या जागीं टाकावा अशी त्यांत तरतूद आहे, आणि कॉर्पोरेशनच्या नोकरांनीं किंवा कंत्राटदारांनीं गोळा केलेला केर ही कॉर्पोरेशनची मालमत्ता समजावी, असेंहि कलम आहे. मालमत्ता म्हटली ती पुढें बहुतांशीं खाडीच्या दलदलींत भरावासाठीं नेऊन ओतली गेली. देवनारचा डोंगर त्यांतूनच उभा राहिला. २०१६ च्या जानेवारींत तो पेटला तेव्हां त्याचा धूर अनेक दिवस उपनगरांतल्या घरांत शिरत होता. कायद्यानें जी मालमत्ता म्हणून सांगितली तिच्यांतून कांच, पत्रा, कागद वेंचून खरोखर किंमत काढणारी माणसें मात्र कायद्याच्या नजरेला दिसलीं नाहींत.

तीं दिसूं लागलीं तीं पुण्यांत, आणि म्हणूनच पॅरिसची ही गोष्ट मराठी श्रोत्यांना परकी वाटूं नये. डोक्यावर पोतें घेऊन कागद, काच, पत्रा वेंचणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, आणि त्यांतल्या बहुसंख्य दलित समाजांतल्या. १९९० च्या सुमारास घरोघरून केर मोटारगाडीनें उचलण्याचे प्रयोग सुरू झाले, तेव्हां या स्त्रियांपुढें नेमका तोच प्रश्न उभा राहिला जो १८८४ सालीं कूररांपुढें होता: ढीग रस्त्यावर येण्याआधींच नाहींसा झाला तर आम्ही काय वेंचावें? पुण्यांत गाड्या जाळल्या गेल्या नाहींत. १९९३ सालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचें तिला पाठबळ होतें. या स्त्रियांनीं प्रथम मागितलें काय, तर ओळखपत्र. तें महापालिकेनें मान्य केलें. १८२८ च्या पितळी बिल्ल्याशीं याची तुलना करून पाहावी. बिल्ला सरकारनें लादला होता, पोलिसांच्या सोयीसाठीं. ओळखपत्र कामकऱ्यांनीं मागून घेतलें, आणि त्यावर ‘आम्ही हें काम करतों’ एवढें शहराच्या सहीनिशीं लिहिलेलें होतें.

त्यानंतर नियमांचें युग आलें. बंगलोरच्या अल्मित्रा पटेल यांनीं १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्या प्रकरणांतून २००० सालचे नगरपालिकांच्या घनकचऱ्याचे नियम निघाले, आणि घरानेंच केर निवडून द्यावा ही गोष्ट देशभर सांगितली जाऊं लागली. २०१६ सालच्या नियमांनीं केराचे तीन भाग सांगितले: ओला, सुका आणि घरगुती धोकादायक. पूबेल यांच्या तीन पेट्यांशीं याचा कोणीं मुद्दाम मेळ घातला असेल असें वाटत नाहीं; पण आंकडा जुळतो खरा. भेद आहे तो पुढच्या कलमांत. केर वेंचणारे म्हणजे कोण याची व्याख्या या नियमांत आहे, आणि त्यांना शहराच्या व्यवस्थेंत सामावून घ्यावें असें स्थानिक संस्थांना त्यांत बजावलें होतें. जें वाक्य १८८३ च्या हुकुमांत सुचलें नव्हतें, तें लिहिलें जावयास इतका काळ लागला.

खुद्द पॅरिसमध्यें तीन पेट्या परत आल्या त्या शंभर वर्षांहून अधिक काळानंतर, १९७५ व १९९२ च्या कायद्यांच्या मागोमाग. डब्यांना पिवळीं, पांढरीं, हिरवीं झांकणें लागलीं. पहिली पेटी, म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांची, सर्वांत शेवटीं आली. खरकटें व फळांच्या सालीं वेगळ्या काढण्याची सोय प्रत्येक घराला मिळालीच पाहिजे, असें फ्रान्सच्या कायद्यानें ठरविलें तें १ जानेवारी २०२४ पासून. कापडावर पेटी ओतून निवडणारा चिंध्यावाला मात्र तेथें आतां नाहीं. त्याच्या जागीं मोठमोठे कारखाने आणि पट्ट्यांवरून सरकणारा केर आहे.

पुण्यांत तो मनुष्य आहे, किंबहुना ती स्त्री आहे. पंचायतीच्या सभासदांची ‘स्वच्छ’ नांवाची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिनें २००८ सालीं पुणें महापालिकेशीं करार केला. ढकलगाडी घेऊन दारोदार जावयाचें, घरवाल्यांनीं निवडून ठेवलेला ओला व सुका केर घ्यावयाचा, ओला महापालिकेच्या गाडीपाशीं पोंचवावयाचा, आणि सुक्यांतला विकाऊ माल विकून त्याचे पैसे वेंचणारीनेंच घ्यावयाचे. घरामागें दरमहा कांहीं ठराविक रक्कम तिला घरवाल्यांकडून मिळते. म्हणजे केरापैकीं कोणता भाग कोणाचा, हें येथें कागदावर उतरलें आहे. ही व्यवस्था पॅरिसच्या जागेवाल्याच्या जागेसारखी दिसते खरी. घरें ठरलेलीं, ओळख ठरलेली, आणि चौकांत प्रवेश. परंतु त्याची जागा त्याला मुलाला देतां येई, विकतां येई. या स्त्रियांची जागा महापालिकेच्या करारावर उभी आहे, आणि २००८ सालचा तो पहिला करार पांच वर्षांचा होता.